दोन पेन्सिल सेलांचा संसार

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी काय काय सापडते याची कोणी यादी केली, तर ती मोठी मनोरंजक होईल. आमच्या घरी दर वर्षी हमखास सापडतात ते सेल. कपाटाखाली, ड्रॉवरच्या कोपऱ्यात, शिवणाच्या डब्यात, जिकडे हात घालावा तिकडे एखादा पेन्सिल सेल! त्यातले जिवंत किती आणि मेलेले किती हे ओळखण्याची प्रत्येक घराची आपापली रीत असते. आमच्या सासूबाई ते सगळे एका ताटलीत घालून पापडांसारखे गच्चीवर उन्हात ठेवतात. उन्हाने सेलात पुन्हा जीव येतो अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि सणासुदीला श्रद्धेशी वाद घालू नये हा आमच्या घरचा नियम आहे.

भिंतीवरचे घड्याळ एका सेलावर सबंध वर्ष काढते. चिरंजीवांची मोटार तसलेच चार सेल दोन दिवसांत फस्त करते. दोघांना जेवू घालणारा सेल एकाच दुकानातला, एकाच किमतीचा. मग एकाचा संसार वर्षभर चालावा आणि दुसऱ्याचे दोन दिवसांत दिवाळे वाजावे, हे काय गौडबंगाल आहे? मी महाविद्यालयात मराठी शिकवते. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण यंदा या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस फराळाच्या आधीच घरात हजर होता.

हा माझ्या नणंदेचा मुलगा. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात फुलशेतीसाठी राखलेला एक भाग आहे. तिथल्या पॉलिहाऊसांतले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात, हे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेलच. मावळातल्या अशा पॉलिहाऊसांमध्ये हवेची उष्णता आणि दमटपणा मोजणारी यंत्रे बसवण्याचे त्याचे काम. त्यासाठी तो अधूनमधून आमच्याकडे घोरावाडीला मुक्कामाला असतो. लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना घोरावाडी ठाऊक असते ती बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामधले एक लहानसे स्थानक म्हणून. घोरावडेश्वराचा लेण्यांचा डोंगर जवळच आहे. एरवी गावाची ख्याती म्हणावी अशी काही नाही.

त्याने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली ती साबणाच्या डबीएवढी एक डबी. आत दोन पेन्सिल सेल, नखाएवढी एक चिप आणि बोटभर तार. "ही हवा मोजते आणि बिनतारी निरोप पाठवते," तो म्हणाला. 'बिनतारी' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून मला बरे वाटले. पोलीस खात्याच्या बिनतारी संदेश विभागाखेरीज तो आता फारसा कोणी वापरत नाही. अशा शंभर डब्या एकमेकींशी बोलू लागल्या की त्याचे होते संवेदकांचे जाळे. संवेदक हा कोशातला शब्द; व्यवहारात सगळे सेन्सर म्हणतात. मी आपली डबीच म्हणेन.

डबीची सारी कथा त्या दोन सेलांभोवती फिरते. ती डोंगरावर, शेताच्या मध्यावर, पुलाच्या पोटाखाली बसवायची. तिथे प्लग नाही, आणि शंभर डब्यांचे सेल बदलत हिंडायचे तर डबीपेक्षा माणसाची मजुरी महाग. तेव्हा सेल संपला म्हणजे डबीचे आयुष्य संपले, असेच धरून चालायचे.

"मग ही जगते किती?" मी विचारले.

त्याने वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला. चांगल्या पेन्सिल सेलांत सुमारे २५०० मिलिअँपिअर-तास साठा असतो. (मोबाइलच्या जाहिरातींमुळे हे बोजड नाव आता घरोघरी झाले आहे.) डबीतला रेडिओ चालू असला की ती २० मिलिअँपिअर ओढते. २५०० ला २० ने भागले की आले १२५ तास. म्हणजे पाच दिवस आणि वर पाच तास! सोमवारी सकाळी बसवलेली डबी शनिवारी दुपारी मेलेली. आता हीच डबी झोपली तर जे ओढते ते त्याच्या चार हजाराव्या हिश्श्याएवढे. शंभर सेकंदांत एकच सेकंद जागी राहिली आणि नव्याण्णव सेकंद झोपली, तर तोच साठा सुमारे ५०० दिवस पुरतो. सेल पडल्या पडल्याही थोडा झिजतो, म्हणून प्रत्यक्षात काही कमी धरावे. तरी पाच दिवसांचे वर्षभर झालेच की नाही? आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचे रहस्यही यातच आहे. ते सेकंदाला एकदा काटा ढकलण्यापुरते दचकून उठते आणि उरलेला वेळ जवळजवळ निजलेले असते.

माझी समजूत अशी की मोजण्याचे काम कष्टाचे असणार. तसे नाही. उष्णता मोजायला या डबीला काही लागत नाही म्हटले तरी चालेल. (हवेतले वायू हुंगणारे काही संवेदक मात्र स्वतःच खादाड असतात; त्यांना आतून तापवून ठेवावे लागते.) मोजलेल्या आकड्यांची बेरीज-सरासरी करायलाही फुटकळच खर्च. वीज जाते ती बोलण्यात. आणि त्याहून गंमत म्हणजे, ऐकण्यात. एके काळी अशा डब्यांत फार वापरल्या गेलेल्या सीसी २४२० नावाच्या चिपला पूर्ण जोराने बोलताना १७.४ मिलिअँपिअर लागतात, आणि नुसते कान टवकारून बसायला १८.८! कोणी बोलो वा न बोलो, 'आता कोणी बोलेल, मग कोणी बोलेल' म्हणून वाट पाहण्याचाच हा खर्च आहे. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मंडळींना हे कळले, तर ती डुलकीला शास्त्राचा आधार काढतील, म्हणून मी ते वर्गात सांगणार नाही.

तेव्हा ऊर्जा वाचवायची म्हणजे पहिल्याप्रथम हे वाट पाहणे वाचवायचे. त्यासाठी काय करावे? आम्ही घोरावाडीकर जे रोज करतो तेच. आमच्या स्थानकावर लोकलच थांबते. बाकीच्या गाड्या धडधडत निघून जातात. वेळापत्रक नसते तर गाडी गाठण्यासाठी दिवसभर फलाटावर उभे राहावे लागले असते. ते आहे म्हणून घरी कामे उरकून ऐन वेळी निघता येते. कॅलिफोर्नियातल्या ये, हाइडेमान आणि डेबोरा एस्ट्रिन या तिघांनी २००२ साली डब्यांसाठी जी बोलण्याची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे. शेजारच्या डब्यांनी झोपण्या-उठण्याचे एक वेळापत्रक ठरवायचे, एकमेकींना कळवायचे आणि त्याच वेळेला उठून बोलून घ्यायचे. एक अडचण येते ती घड्याळांची. स्वस्त डबीतले घड्याळ दिवसाला दोन-तीन सेकंद पुढेमागे होते, आणि दोन डब्यांची घड्याळे उलट्या दिशांनी चुकू लागली तर काही दिवसांत त्यांची चुकामूक ठरलेलीच. म्हणून डबी वेळेच्या अंमळ आधी उठते आणि दर भेटीत शेजारणीशी घड्याळ जुळवून घेते.

दुसरी काटकसर शब्दांची. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारेच्या कागदावर शब्द मोजणारी माणसे अजून घरोघरी आहेत. माझ्या वडिलांच्या हातची तार म्हणजे मराठी गद्याचा उत्तम नमुना असे. एकही विशेषण नाही! डब्यांनाही तेच शिकवतात. गुलाबाच्या पॉलिहाऊसात दर मिनिटाला 'अठ्ठावीस अंश, अठ्ठावीस अंश' असे ओरडत बसण्यात काय अर्थ? पंधरा-पंधरा मिनिटांनी मोजावे आणि फरक पडला तरच तोंड उघडावे. शंभर आकडे पाठवण्याऐवजी जागेवरच त्यांची सरासरी काढून तेवढीच धाडावी. विचार स्वस्त आणि बोलणे महाग, असा हा उलटा बाजार आहे. आम्हां प्राध्यापकांचे या जाळ्यात एक दिवस निभणार नाही.

मुंबईच्या आयआयटीने नाशिकच्या सुला द्राक्षबागेत या शतकाच्या पहिल्या दशकातच असे एक जाळे बसवून पाहिले होते. द्राक्षाचे पान किती वेळ ओले राहते, हवा किती दमट आहे, यावर डाऊनी येणार की नाही ते ठरते. हे आधी कळले तर बागायतदाराची एखादी फवारणी वाचते. तिथेही पान मिनिटामिनिटाला ओले-कोरडे होत नाही. डबीने किती वेळा डोळे उघडावे हे त्या पिकाला विचारून ठरवायचे असते.

इथवर सारे सोपे होते. खरी मेख पुढे आहे.

रेडिओला अंतर दुप्पट झाले की मोकळ्या मैदानातही चौपट जोर लावावा लागतो. झाडाझुडपांत आणि जमिनीलगत त्याहूनही अधिक. १९२७ मध्ये हिंदुस्थानातून इंग्लंडशी थेट बिनतारी संदेशवहन सुरू झाले, तेव्हा निरोप पाठवणारे केंद्र आमच्याच लोहमार्गावर खडकीजवळ होते आणि तिकडचे ऐकणारे दौंडला. तिथे प्रचंड खांब होते आणि मुबलक वीज होती. दोन सेलांच्या डबीने लांब हाक मारायची म्हणजे दोन दिवसांत घसा बसायचा. म्हणून एकीने शेजारणीच्या कानात सांगावे, तिने पुढचीला, असे करत निरोप मोठ्या पेटीपर्यंत जातो. ही पेटी इमारतीत असते. तिला वीज असते, आणि तिथून पुढे निरोप इंटरनेटवरून जातो.

व्यवस्था छान वाटते ना? पण पेटीला लागून असलेल्या डब्यांचा विचार करा. टोकाची डबी फक्त स्वतःचा निरोप सांगते. पेटीजवळच्या डबीला स्वतःचा सांगून वर साऱ्या गावाचे निरोप वाहावे लागतात. तिचा सेल सर्वांत आधी संपतो. आणि ती गेली की मागच्या पन्नास डब्या धडधाकट असूनही मुक्या होतात! माझा भाचा हे सांगत होता तेव्हा आमच्या सासूबाई चकल्या पाडत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारले, "म्हणजे थोरल्या सुनेसारखं का रे?" टेबलाभोवतीची सगळी मंडळी हसली. मीही हसले, पण जरा सावकाश. माझ्या माहेरी थोरल्या काकूंच्या माथी असेच साऱ्यांचे निरोप असत. कोणाला डबा, कोणाला औषध, कोणाचा कोणाशी अबोला; आणि त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा चार दिवसांत घरात कोणाला कोणाचा पत्ता उरला नाही.

यावर २००० साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी एक तोड सुचवली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'लीच' म्हणतात. डब्यांचे लहान लहान गट पडतात. प्रत्येक गटाला एक म्होरकी. बाकीच्या आपले निरोप म्होरकीला देतात. ती सगळ्यांचे सार काढते आणि मोठ्या पेटीला एकच निरोप लांब पल्ल्याने पाठवते. म्होरकीचा सेल झपाट्याने उतरतो, हे उघड आहे. म्हणून म्होरकेपण कायमचे कोणाकडेच ठेवायचे नाही. दर फेरीला डब्या आपापल्या मनाशी चिठ्ठी टाकतात. जिची चिठ्ठी लागेल ती त्या फेरीची म्होरकी. आणि जिची पाळी एकदा होऊन गेली, ती बाकीच्यांच्या पाळ्या होईपर्यंत पुन्हा चिठ्ठीत नाही.

"अहो, ही तर आमची भिशी!" मी म्हणाले.

वाचक भगिनींना निराळे सांगायला नकोच. भिशीत जिची चिठ्ठी लागली, तिचे नाव पुढच्या सोडतीतून बाद. सगळ्यांना एकेकदा मिळेपर्यंत. फरक इतकाच की भिशीत पाळी येते ती पैशांची आणि इथे येते ती कामाची. एक उणीव मला तिथल्या तिथे दिसली आणि भाच्याने ती मान्य केली. मूळ पद्धतीत कोणाच्या सेलात किती उरले आहे हे चिठ्ठी टाकताना पाहत नाहीत. अशक्तालाही पाळी, सशक्तालाही पाळी. पुढच्या संशोधकांनी ती सुधारली. उरलेला साठा पाहूनच म्होरकी ठरवणाऱ्या पद्धती निघाल्या.

योगायोगाची एक गोष्ट इथेच सांगते. २००२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक नावाच्या बेटावर बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी अशा ३२ डब्या बसवल्या. बिळात घरटे करणाऱ्या एका समुद्रपक्ष्याचा अभ्यास करायचा होता, आणि माणसाची वर्दळ त्या पक्ष्याला सोसत नाही. विणीच्या दिवसांत सेल बदलायला जाणे म्हणजे ज्याला जपायचे त्यालाच पळवून लावणे. त्या पक्ष्याचे नाव लीचचा पेट्रेल! या लीचचा त्या लीचशी काही संबंध नाही.

आता आपल्या डोंगरांकडे येते. मनात हेच होते. पण सणाच्या दिवशी ते काढावे की नाही असे झाले होते.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही खबर दिली ती एसटीच्या एका चालकाने. तो नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन आला, तर गाव जागेवर नव्हते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतल्या इरशाळवाडीवर तेच संकट आले. इथून लोणावळ्याचा घाट उतरला की तो मुलूख लागतो.

"तुमच्या डब्या असत्या तर?" मी विचारले. मला वाटले होते, तरुण माणूस आहे, फुशारकी मारील. त्याने मारली नाही. "डबी डोंगर धरून ठेवत नाही, मामी," तो म्हणाला. "फार तर आधी सांगते. तेही पावसाळाभर जिवंत राहिली तर."

सह्याद्रीतली अडचण शहरात बसून ध्यानात येत नाही. उघड्यावरच्या डबीला छोटे सौरपत्र जोडले की सेल दिवसा भरतो, हे खरे. पण लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत धुके आणि ढग इतके असतात की आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. ज्या दिवसांत डबीने डोळ्यांत तेल घालून जागायचे, नेमके त्याच दिवसांत तिला उपास. मेमध्ये सौरपत्राला ऊन मावत नाही, तर डोंगर स्वस्थ असतो. गृहिणीने जूनच्या आत लोणची-पापड-सांडगे भरून ठेवावेत, तशी बेगमी डबीलाही करावी लागते.

केरळात मुन्नारजवळच्या अँथोनियार कॉलनीत अमृता विद्यापीठाने दरडींसाठी असे जाळे बसवले आहे. जमिनीत खोल रोवलेल्या नळ्यांत मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब मोजणारी यंत्रे आहेत, उताराचा कल मोजणारी आहेत. पावसाचे पाणी मुरत गेले की हा दाब वाढतो, मातीची पकड सुटू लागते आणि उतार निसटतो. तिथली काटकसर मला फार शहाणपणाची वाटते. कोरड्या दिवसांत यंत्रे सावकाश, लांबलांबच्या वेळाने मोजतात. पाऊस ठरावीक हद्दीपलीकडे गेला की मोजण्याचा वेग वाढतो. इशाराही एकदम देत नाहीत, पायरीपायरीने देतात. वर्षभर चिक्कूपणा करायचा तो त्या एका रात्री सढळ हाताने खर्च करता यावा म्हणून!

एक शंका मात्र माझ्या मनातून जाईना. फरक पडला तरच बोलायचे, असे डबीला शिकवले. मग ती गप्प असेल तर काय समजायचे? सारे ठीक आहे म्हणून गप्प, की सेल संपला म्हणून गप्प? दोन्हींचा आवाज सारखाच. भाचा म्हणाला की यासाठी डबीला ठरलेल्या वेळी, बदल असो वा नसो, एक अगदी लहान निरोप पाठवायला लावतात. त्यात एवढेच असते की मी आहे आणि माझ्या सेलात इतके उरले आहे. मला आमच्या जुन्या पत्रांतली 'इकडील सर्व क्षेम' ही सुरुवात आठवली. विद्यार्थी तिला पाल्हाळ समजून वगळतात. यापुढे मी ती वगळू देणार नाही.

दोन वेळा क्षेम आले नाही की माणसाने छत्री घेऊन डोंगर चढायचा. याला अजून तरी पर्याय नाही.

सततचे जागरण डब्यांवर न टाकता मोठ्या पेटीवर टाकायचे, हीदेखील एक रीत आहे. लोरा नावाची जी पद्धत आता आपल्याकडे शेतांतून आणि पाण्याच्या मीटरांतून दिसते, तिच्यात हेच करतात. डबीने वाटेल तेव्हा उठावे, दोन शब्द बोलावेत, उत्तरासाठी क्षण-दोन क्षण कान द्यावा आणि निजावे. चोवीस तास ऐकत बसायचे ते पेटीने, कारण तिला वीज आहे.

"आणि रात्री दोन वाजता निरोप आला, तर पेटीपाशी वाचणार कोण?" माझा शेवटचा प्रश्न.

तो हसला. पेटीला सरळ भोंगा जोडावा, म्हणाला. पण भोंगा दोन पेन्सिल सेलांवर वाजत नाही. त्याला मोटारीसारखी मोठी बॅटरी लागते. वादळात तारा तुटल्या तरी ती भरलेली असली पाहिजे. महिन्यातून एकदा तिच्यात पाणी घालायला आणि भोंगा वाजवून पाहायला गावातलाच एक माणूस नेमावा लागतो. त्या माणसाला शेती असते, आजारपण असते, लग्नकार्याला परगावी जाणे असते.

"म्हणून दोघं-तिघं नेमायची," तो म्हणाला, "आळीपाळीनं."